जुन्या एमएक्स-५ चा प्रोपशाफ्ट: दुरुस्त करू, हलका घेऊ, की थेट १.८ लिटरवाल्या गाडीचा सगळा सेट बसवू?

मिडलँड्सकर
मंडळी, जाणकारांनी प्रकाश टाकावा. गाडी १९९२ ची युनोस रोडस्टर, म्हणजे जपानहून इंग्लंडात आलेली माझदा एमएक्स-५. इंजिन १.६ लिटर, पाच गिअर, डिफरन्शियल (मागच्या दोन चाकांमधली गिअरपेटी) ४.३ चं, टायर १८५/६० आर १४. तासाला ९५-१०० किलोमीटरच्या आसपास सीटखालून बारीक थरथर सुरू होते आणि ११० ला बरीच कमी होते. पहिल्या गिअरात क्लच सोडला की मागून एक 'टक्'. वळताना काहीच आवाज नाही. टायर नवे आहेत, बॅलन्सिंगही नुकतंच झालंय.

पुढे छोटा टर्बो बसवायचा बेत आहे. त्यामुळे आताच कार्बन फायबरचा किंवा अॅल्युमिनियमचा प्रोपशाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफरन्शियलपर्यंतचा फिरता दांडा) आणि जाडजूड हाफशाफ्ट (तिथून दोन चाकांकडे जाणारे दांडे) घेऊन मोकळं व्हावं असं मनात आहे. गाडीखाली एकदाच शिरायचं, परत परत नको. कोणी केलंय का हे काम?

निवांत_वाचक
रुमाल टाकून ठेवतो. आमच्याकडे हॅचबॅक आहे, पण धागे असलेच वाचायला आवडतात.

कोल्हापुरी_पाना
अहो मिडलँड्सकर, कार्बन-बिर्बन नंतर बघू. आधी क्रॉस बघा, म्हणजे शाफ्टच्या टोकाचा युनिव्हर्सल जॉइंट. थरथर आणि क्लच सोडताना टक्, दोन्ही एकत्र आलं की आमच्याकडे जीपवाला दुसरं काही ऐकूनच घेत नाही.

गाडी चार भक्कम घोड्यांवर घ्या. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही, हे लिहावं लागू नये पण लिहितो. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक सोडलेला. एका हाताने शाफ्टची नळी आणि दुसऱ्या हाताने यॉक (क्रॉसला धरणारा दुकाटा) धरा आणि उलटसुलट पिळा. दोघांमध्ये जराही लपका (सैलपणा) जाणवला तर क्रॉस गेला. डिफरन्शियलच्या आतल्या दातांचा थोडा लपका असतोच, त्यात आणि यात गोंधळ करू नका. बोट बरोबर क्रॉसच्या कपावर ठेवलं की फरक कळतो. कपाच्या कडेला गंजासारखी तांबडी भुकटी दिसली तर आतल्या सुया (बेअरिंगचे बारीक रोलर) कोरड्या पडल्यात असं समजा.

लपका नसला म्हणून क्रॉस चांगला असंही नाही. शाफ्ट बाहेर काढून यॉक दोन्ही दिशांना हलवून बघा. चांगला क्रॉस सगळीकडे सारख्या जोराने फिरतो. खराब झालेला बरोबर मधोमध आला की खाचेत बसल्यासारखा अडकतो. वर्षानुवर्षं एकाच जागी मार खाऊन सुयांनी क्रॉसच्या दांड्यावर खाचा पाडलेल्या असतात. गाडीखाली पडून हे कळत नाही, शाफ्ट हातात घ्यावाच लागतो.

मिडलँड्सकर
धन्यवाद दादा. पण क्रॉस बदलता येतो का? माझ्या शाफ्टवर मला सर्क्लिप (कप अडकवून ठेवणाऱ्या रिंगा) कुठे दिसल्या नाहीत. ग्रीस निपलही नाही.

कोल्हापुरी_पाना
नसणारच. या गाडीला कंपनीने कप यॉकमध्ये दाबून कडा ठोकून बंद केल्यात. कंपनीच्या हिशोबात तो बदलायचा भागच नाही, पूर्ण शाफ्ट घ्यायचा. पण प्रोपशाफ्टचं काम करणारी वर्कशॉप तुमच्याकडेही असतील. ते जुना क्रॉस काढून यॉकला सर्क्लिपची खाच पाडतात किंवा यॉकच बदलतात आणि निपलवाला क्रॉस घालून बॅलन्स करून देतात. घरच्या व्हाइसमध्ये हे करायच्या भानगडीत पडू नका.

जीपवाल्यांसाठी एक सांगून ठेवतो. क्रॉस बसवताना कपातली एक जरी सुई आडवी पडली तरी कप शेवटपर्यंत जात नाही आणि सर्क्लिप खाचेत बसत नाही. अशा वेळी पोरं हातोडा उचलतात. हातोडा नाही, कप बाहेर काढा. सुया जाड ग्रीसने भिंतीला चिकटवून पुन्हा बसवा. नंतर ग्रीसगन लावली की चारही कपांतून ग्रीस डोकावलं पाहिजे. तीनच कपांतून आलं तर चौथा कोरडाच राहिलाय.

डेट्रॉइटची_सून
नमस्कार, इकडे मिशिगनमध्ये ड्राइव्हलाइनवरच पोट भरते म्हणून लिहितेय. पाना यांचं सगळं बरोबर आहे, पण शाफ्ट काढण्याआधी फुकटात होण्यासारखी एक तपासणी आहे.

तुमच्या टायरचा परीघ साधारण १.८१ मीटर. १०० किलोमीटर वेगाला चाक सेकंदाला सुमारे १५ फेरे घेतं. डिफरन्शियल ४.३ चं, म्हणून प्रोपशाफ्ट सेकंदाला ६६ फेरे घेतो, म्हणजे मिनिटाला जवळजवळ चार हजार. फोनमध्ये कंपन मोजणारं एखादं अॅप घ्या, फोन सीटच्या रुळावर घट्ट बांधा, शेजारी कोणाला तरी बसवा आणि जीपीएसने १०० चा वेग धरा. मग आलेखात टोक कुठे येतं ते बघा.

१५ हर्ट्झला आलं तर चाक, टायर, हब. ६६ ला आलं तर प्रोपशाफ्ट वाकडा, असंतुलित किंवा फ्लँजवर (बोल्टने जोडायच्या तबकडीवर) तिरका बसलेला. १३२ ला, म्हणजे दुप्पटीला आलं तर क्रॉसचे कोन. हाच वेग चौथ्या गिअरात ठेवूनही मोजा. टोक जागचं हललं नाही तर इंजिनाचा संबंध नाही. शेवटी क्लच दाबून गाडी तशीच वाहू द्या. भार गेल्यावर थरथर किती उरते तेही लिहा.

निवांत_वाचक
ताई, दुप्पट का? क्रॉस तर शाफ्टबरोबर एकदाच फिरतो ना?

डेट्रॉइटची_सून
चांगला प्रश्न. क्रॉस कोनात फिरत असला की एका बाजूने सारखा वेग दिला तरी दुसऱ्या बाजूने सारखा निघत नाही. एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो, दोनदा मागे राहतो. १० अंशांच्या कोनाला हा फरक दोन्हीकडे साधारण दीड टक्का असतो, ३ अंशांना नगण्य. शाफ्टच्या दोन टोकांना दोन क्रॉस असतात. पुढच्याने केलेली गडबड मागचा निस्तरतो, पण दोन अटींवर. दोन्ही कोन सारखे हवेत आणि नळीवरचे दोन्ही यॉक एका रेषेत हवेत. यातलं एक बिघडलं की उरलेली गडबड थेट गाडीच्या सांगाड्यात जाते.

आणि कोन अगदी शून्यही नको बरं का. शून्य कोनात सुया फिरतच नाहीत, एकाच जागी बसून खाचा पाडतात. पाना म्हणाले तीच खाच.

कोल्हापुरी_पाना
+१. जीपच्या शाफ्टला मध्ये सरकता जोड असतो, तो काढून परत घालताना एक दात जरी चुकला तरी यॉकची रेषा सुटते. म्हणून खोलण्याआधी दोन्ही तुकड्यांवर रंगाची खूण. ज्याने खूण केली नाही त्याची जीप साठला नाचते, आणि मग गिऱ्हाईक म्हणतं, तुम्ही हात लावायच्या आधी बरी होती!

मिडलँड्सकर
मोजलं. १५ ला जवळजवळ काही नाही. ६६ ला छोटं टोक, १३२ ला ठसठशीत. चौथ्या गिअरातही टोकं जागच्या जागी. क्लच दाबल्यावर १३२ चं टोक निम्म्याहून कमी झालं पण गेलं नाही. आता पुढे?

डेट्रॉइटची_सून
आता एक सांगा. इतक्यात गिअरबॉक्स खाली उतरवला होता का? क्लच, ऑईल सील, काहीही.

मिडलँड्सकर
हो, गेल्या उन्हाळ्यात एका गॅरेजमधून क्लच बदलून घेतला. थरथर त्यानंतरची का हे छातीठोक सांगता येणार नाही, कारण नंतर गाडी हिवाळाभर झाकून होती. पण आधी जाणवल्याचं आठवत नाही.

डेट्रॉइटची_सून
मग माझा पहिला संशय शाफ्टवर नाही, पीपीएफवर आहे.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. एमएक्स-५ मध्ये गिअरबॉक्सच्या शेपटीखाली नेहमीसारखा आडवा आधार नसतो. शेपटीपासून थेट डिफरन्शियलच्या नाकापर्यंत अॅल्युमिनियमची एक लांब चौकट जाते, तिला पॉवर प्लांट फ्रेम म्हणतात. इंजिन, गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल त्यामुळे एकाच ताठ कण्यासारखे होतात, अॅक्सिलरेटर दाबला-सोडला तरी मागचं डिफरन्शियल नाक वर करत नाही. १९८९ मध्ये ही गाडी आली तेव्हापासून चालवणारे तिच्या ज्या चटपटीतपणाचं कौतुक करतात त्यात या चौकटीचा वाटा मोठा आहे.

पण याचाच दुसरा अर्थ असा की गिअरबॉक्सची उंची ठरवणारी गोष्ट म्हणजे फक्त या चौकटीचे बोल्ट. भोकांमध्ये थोडी सैल जागा असते. क्लचचं काम झाल्यावर शेपूट जॅकने योग्य उंचीला न धरता बोल्ट आवळले तर गिअरबॉक्स खाली लोंबलेल्या अवस्थेतच पक्का होतो. शाफ्टचा पुढचा कोन बदलतो, मागचा तसाच राहतो. दुप्पटीचं टोक यायला एवढं पुरेसं आहे.

डिजिटल कोनमापक घ्या. गिअरबॉक्सच्या अक्षाचा उतार आणि डिफरन्शियलच्या पिनियनचा (प्रोपशाफ्टला जोडलेल्या दांड्याचा) उतार मोजा. दोन्ही समांतर हवेत. मॅन्युअलमध्ये चौकटीपासून बॉडीपर्यंतचं अंतर दिलेलं आहे, अंतिम शब्द त्याचा.

निवांत_वाचक
म्हणजे कार्बनच्या शाफ्टवर पैसे घातले असते तर नवा कोरा शाफ्ट तसाच थरथरला असता. चला, धाग्याने मेंबरशिपचे पैसे वसूल केले. (मेंबरशिप फुकट आहे, ह.घ्या.)

मिडलँड्सकर
वीकेंडला मोजतो. तोवर कार्बनबद्दल बोलाच ताई. इकडच्या क्लबात सगळे म्हणतात, हलका शाफ्ट घातला की इंजिन झटक्यात चढतं.

डेट्रॉइटची_सून
आकडेच मांडू. समजा शाफ्ट ३ किलोने हलका झाला. त्याची नळी बारीक आहे, वजन अक्षापासून सरासरी ३ सेंटिमीटरवर. तो चाकाच्या ४.३ पट वेगाने फिरतो हे धरूनही फिरणं वाचल्याचा फायदा येतो गाडीतून साधारण ०.६ किलो कमी केल्याएवढा. म्हणजे एकूण साडेतीन-पावणेचार किलो. पाच लिटर पेट्रोल कमी भरा, तेवढंच झालं. हलक्या फ्लायव्हीलचा फरक कळतो कारण त्याचं वजन अक्षापासून लांब असतं आणि पहिल्या गिअरात तो चाकाच्या तेरा-चौदा पट फिरतो. शाफ्टचं तसं नाही.

कार्बनचा खरा उपयोग लांब शाफ्टला. लांब बारीक शाफ्ट ठरावीक वेगाला धनुष्यासारखा वाकून घुमायला लागतो. म्हणून पोलादी शाफ्टचे दोन तुकडे करून मध्ये सेंटर बेअरिंग द्यावं लागतं. कार्बन हलकी आणि ताठ, त्यामुळे एकाच तुकड्यात भागतं आणि सेंटर बेअरिंग वाचतं. निसानच्या ३५० झेड आणि माझदाच्या आरएक्स-८ ला कंपनीतूनच कार्बनचा शाफ्ट होता तो याचसाठी. बीएमडब्ल्यूच्या २०१४ च्या एम३ आणि एम४ लाही होता. पुढे एक्झॉस्टमध्ये नवा फिल्टर बसवायला जागा हवी म्हणून त्यांनी तो काढून पोलादी घातला. तुमचा शाफ्ट मुळात आखूड आणि एका तुकड्याचा. सेंटर बेअरिंगच नाही तर वाचवणार काय?

कोल्हापुरी_पाना
शिवाय तुमच्या रस्त्यावर हिवाळ्यात मीठ टाकतात ना? अॅल्युमिनियमची नळी आणि पोलादी यॉक जिथे जुळतात तिथे ते मीठ काय करेल, तो विचार करा.

गोंयकार_१२००
अवांतर विचारतो, धागा पळवायचा हेतू नाही. आमच्याकडे सॅन स्टॉर्म आहे. नव्या पिढीला सांगतो, गोव्यात बनलेली दोन सीटची उघडी गाडी, फायबरची बॉडी, रेनॉचं १.२ लिटर इंजिन. ही पुढच्या चाकांवर चालते. उजव्या हाफशाफ्टचा बाहेरचा बूट (जॉइंटवरचं रबरी आवरण) फाटलाय, कडक वळणावर कटकट आवाज येतो. आमचा मेकॅनिक म्हणतो जॉइंट गेला, अख्खा हाफशाफ्ट शोधा. कुठे शोधू?

कोल्हापुरी_पाना
कटकट सुरू झाली म्हणजे बूट फाटून बरेच दिवस झालेत. बूट फाटल्याबरोबर बघितला तर नवं ग्रीस आणि नवा बूट, एवढ्यात काम होतं. चाकाच्या वेगाने ग्रीस बाहेर उडतं, आत माती जाते, आणि माती आणि ग्रीस मिळून गोळ्यांना पॉलिश पेपरने घासल्यासारखं घासतात.

जुना जॉइंट काढून उघडा, पण काढण्याआधी पिंजरा, आतली वाटी आणि बाहेरची वाटी यांवर खुणा करा. केरोसीनने धुवा, वाळवा. गोळ्यांच्या वाटा नखाने चाचपा. नुसती चमक असेल तर चालेल, पण नख अडकेल असा खड्डा असेल तर जॉइंट फेका. ग्रीस मॉलिब्डेनमवालं काळंच घालायचं आणि किटमध्ये जेवढं आलं तेवढं सगळं. चाकाच्या बेअरिंगचं पिवळं ग्रीस त्यात मिसळायचं नाही.

डेट्रॉइटची_सून
गोंयकार, नवा भाग शोधताना गाडीचं नाव सांगू नका, मापं सांगा. बाहेरच्या टोकाचे स्प्लाइनचे (शाफ्टवरच्या उभ्या खाचांचे) दात मोजा, आतल्या टोकाचे मोजा, शाफ्टची लांबी, ऑईल सील बसतं त्या जागेचा व्यास, एबीएसची रिंग आहे का नाही. ही मापं घेऊन जुन्या रेनॉ क्लिओ किंवा ट्विंगोच्या भागांत शोध सुरू करा. जुळेलच असं म्हणत नाही.

आणि मिडलँड्सकर, तुम्हाला वळताना आवाज येत नाही म्हणून मागचे सीव्ही जॉइंट (हाफशाफ्टच्या टोकांचे सांधे) चांगले असं धरू नका. वळताना कटकट हे पुढच्या चाकांचं लक्षण. तुमची मागची चाकं वळतच नाहीत, कोन कायम लहान, म्हणून झिजलेला जॉइंटही गप्प राहतो. बूट बोटांनी पिळून घड्यांमध्ये बघा. फाटलेला बूट तुमच्याकडे एमओटीत (गाडीच्या वार्षिक तपासणीत) गाडी नापास करतो.

मिडलँड्सकर
बूट चारही शाबूत, दोन ठिकाणी केसासारख्या रेघा.

आता कोनांचं. गिअरबॉक्स आणि पिनियनमध्ये जवळजवळ दोन अंशांचा फरक निघाला! शेपटीखाली जॅक आणि लाकडाचा ठोकळा देऊन चौकटीचे गिअरबॉक्सकडचे बोल्ट सैल केले. शेपूट उचलून मॅन्युअलच्या मापाला आणली आणि टॉर्क रेंचने आवळलं. आता फरक अर्ध्या अंशाच्या आत.

शाफ्टही बाहेर काढला. त्यासाठी एक्झॉस्टची मधली नळी उतरवावी लागली. गंजलेल्या नटांनी जीव खाल्ला. मागच्या फ्लँजवर खूण केली होती. गिअरबॉक्सच्या तोंडातून ऑईल येतं हे कोणीतरी कुठेतरी लिहिलं होतं, म्हणून प्लॅस्टिकची पिशवी आणि रबरबँड तयार ठेवला होता. हातात घेऊन बघितलं तर मागचा क्रॉस लोण्यासारखा फिरतो. पुढचा एका दिशेला बरोबर मधोमध अडकतो. पाना दादांनी लिहिलं होतं अगदी तसाच.

कोल्हापुरी_पाना
म्हणजे आम्ही दोघंही बरोबर. ताईंचा कोन, आमचा क्रॉस. चुकीच्या कोनात फिरून क्रॉसला जादा मार बसला असेल. कोन सरळ केलात तरी तो क्रॉस परत घालू नका.

मिडलँड्सकर
मग आता खरा प्रश्न. शाफ्ट दुरुस्त करून घेऊ, की टर्बो येणारच आहे तर १.८ चा सेट आत्ताच घेऊ?

डेट्रॉइटची_सून
टर्बो किती न्यूटन-मीटर देणार त्यावर आहे. आत्ता इंजिन सुमारे १३६ देतं. पहिला गिअर ३.१४ चा, म्हणजे प्रोपशाफ्टवर ४३० च्या आसपास. डिफरन्शियलने ते ४.३ पट केलं की प्रत्येक हाफशाफ्टवर ९२० च्या घरात. टर्बोने २०० केलं तर प्रोपशाफ्टवर ६३० आणि हाफशाफ्टवर १३५०. हे पूर्ण जोर दिला, पण झटका न देता. क्लच धाडकन सोडला तर क्षणभर याहून कितीतरी जास्त.

या साखळीतली सगळ्यात कच्ची कडी शाफ्ट नाही. १.६ च्या डिफरन्शियलची क्राउन गिअर (आतली मोठी दातेरी चकती) ६ इंची आहे, ती टर्बोला टिकत नाही म्हणून बदनाम आहे. १९९४ च्या मॉडेलपासून १.८ इंजिन आलं तेव्हा माझदाने ७ इंची दिली. शाफ्ट लोखंडाचा करा नाही तर सोन्याचा, दात डिफरन्शियलचेच तुटणार.

७ इंची घ्यायचं तर प्रोपशाफ्ट आणि दोन्ही हाफशाफ्टही १.८ चेच लागतात, कारण फ्लँज जुळत नाही. चाकाकडचं टोक मात्र तुमच्या हबला बसतं. म्हणून टर्बो पक्का असेल तर जुन्या शाफ्टवर एक पौंडही घालू नका. सगळा सेट एकाच गाडीतून काढलेला घ्या. पण त्यातलेही क्रॉस हातात घेऊन तपासा.

मिडलँड्सकर
टॉर्सन (एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला जोर देणारं डिफरन्शियल) मिळाला तर बघतोय.

निवांत_वाचक
बघतोय म्हणजे घेतलाच.

डेट्रॉइटची_सून
मग दोन गोष्टी ध्यानात ठेवा. १.८ चं डिफरन्शियल बहुतेक ४.१ चं मिळेल. तुमच्या गाडीचा स्पीडोमीटर गिअरबॉक्सवरून चालतो, चाकावरून नाही. ४.३ चं ४.१ केलं की मीटर खऱ्या वेगापेक्षा साधारण पाच टक्के कमी दाखवायला लागेल आणि तुमच्याकडे मीटरने कमी दाखवलेलं कायद्याला चालत नाही. गिअरबॉक्समधला मीटरचा छोटा प्लॅस्टिकचा गिअर बदलावा लागेल. दुसरं म्हणजे विमा कंपनीला आधी कळवा, टर्बोचं तर नक्कीच.

कोल्हापुरी_पाना
हबचा मोठा नट काढताना चाक जमिनीवर टेकलेलं असू द्या, कोणीतरी ब्रेकवर पाय ठेवून बसा. आधी नटाची ठोकलेली कडा छिन्नीने उघडा, नाहीतर आटे जातील. स्प्लाइन गंजून बसली असेल तर शाफ्टच्या टोकावर हातोडा घालू नका, आटे फुलतात आणि नट परत चढत नाही. आदल्या रात्री ऑईल मारून ठेवा आणि पुलरने ढकला. नट परत वापरायचा नाही, नवाच. आतलं टोक डिफरन्शियलमध्ये घालताना शाफ्टचं वजन सीलवर पडू देऊ नका, हाताने तोलून सरळ आत घाला. सीलच्या ओठाला चरा पडला की आठवड्यात चाकाच्या आतल्या बाजूला ऑईल.

मिडलँड्सकर
शेवटचा अहवाल. १९९६ च्या १.८ मधून टॉर्सन डिफरन्शियल, प्रोपशाफ्ट आणि दोन्ही हाफशाफ्ट असा सेट मिळाला. प्रोपशाफ्टचे दोन्ही क्रॉस सुरळीत, तरी वर्कशॉपमधून बॅलन्स तपासून घेतला. हाफशाफ्टना चारही बूट नवे घातले. डावा हब पुलरलाही दाद देईना. दोन रात्री ऑईलमध्ये ठेवला, तेव्हा बंदुकीसारखा आवाज करून सुटला. शेजारच्या आजी बाहेर येऊन बघून गेल्या. चौकट परत मापाला लावली, कोन परत मोजले.

१०० ला फोन बांधून आणला. ४.१ झाल्यामुळे टोकं आता ६३ आणि १२६ ला यायला हवीत. ६३ ला जेमतेम खुणेपुरतं, १२६ ला काही शोधावंच लागतं. क्लच सोडतानाचा टक् गेला. टॉर्सनमुळे ओल्या गोल चक्करमध्ये गाडी वेगळीच वाटते, त्यावर वेगळा धागा काढतो. मीटरचा गिअर मागवलाय, तोवर जीपीएस बघून चालवतोय. जुना शाफ्ट फेकलेला नाही. कोणाला १.६ साठी दुरुस्त करून घ्यायचा असेल तर व्यक्तिगत निरोप करा, पुढचा क्रॉस गेलेला आहे हे धरून.

गोंयकार_१२००
अभिनंदन! माझ्या जॉइंटच्या वाटांत नख अडकलं, म्हणजे फेकायचा. बाहेरच्या टोकाचे दात दोनदा मोजले, दोनदा वेगळे आले.

डेट्रॉइटची_सून
एका दातावर खडूची खूण करा आणि तिथून मोजायला सुरुवात करा. मग फोटो टाका, पट्टी शेजारी ठेवून.